शिक्षण सेवक व्हायचंय? टीईटीपासून नियमित वेतनश्रेणीपर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

टेटमध्ये, म्हणजे शिक्षक भरतीच्या चाचणीत चांगले गुण पडले, पवित्र पोर्टल या सरकारी भरती संकेतस्थळावर शिफारसही आली आणि जिल्हा परिषदेच्या कागदपत्र पडताळणीत नाव बाजूला पडलं. मराठवाड्यात दर भरतीत अशी मुलं-मुली दिसतात. दुसरीकडे काही जण रुजू होतात, तीन वर्षं इमानदारीने शिकवतात आणि नियमित व्हायची वेळ आली की एका दाखल्यासाठी त्यांचा प्रस्ताव अडतो. दोन्ही ठिकाणी अभ्यास कमी पडलेला नसतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

शिक्षण सेवक म्हणजे पूर्ण वेळ वर्ग सांभाळत, ठरलेल्या मानधनावर तीन वर्षं काम करणारा उमेदवार. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन पहिली ते आठवीसाठी दरमहा १६,०००, नववी-दहावीसाठी १८,००० आणि अकरावी-बारावीसाठी २०,००० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता नाही, वार्षिक वेतनवाढ नाही. तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरली की नियमित वेतनश्रेणी मिळते.

## १. आधी वर्ग ठरवा, मग कोर्स

पुष्कळ जण कॉलेज जवळ आहे म्हणून किंवा मैत्रीण जातेय म्हणून बी.एड.ला प्रवेश घेतात आणि नंतर विचारतात, "जिल्हा परिषदेच्या पहिली-दुसरीला चालेल ना?" चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला याचा निकाल दिला आहे. आजची मांडणी अशी:

- पहिली ते पाचवी: बारावी, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर १.
- सहावी ते आठवी: पदवी, सोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि टीईटी पेपर २.
- नववी-दहावी: त्या विषयातली पदवी आणि बी.एड.
- अकरावी-बारावी: त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

टीईटीची अट पहिली ते आठवीसाठी आहे. केंद्राची सीटीईटी उत्तीर्ण असाल तर तीही इथे ग्राह्य धरतात.

डी.एल.एड.च्या प्रवेशाला बारावीत खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि मागासवर्गीयांना ४४.५ टक्के लागतात. बारावीनंतर लगेच डी.एल.एड. करणाऱ्यांना माझा आग्रह राहील की मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवीही पूर्ण करा. पदवीमुळे सहावी ते आठवीच्या जागांचं दार उघडतं. एकाच गटाच्या जागांवर अवलंबून राहिलात तर एखाद्या भरतीत तुमच्या जिल्ह्यात, तुमच्या प्रवर्गात एकही जागा नसते आणि हाती काही लागत नाही.

> तपासा: तुमचं अध्यापक विद्यालय किंवा बी.एड. कॉलेज एनसीटीई (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) मान्यताप्राप्त आहे का? फी भरण्याआधी मान्यता आदेश स्वतः वाचा. ऑफिसमधल्या माणसाच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका.

## २. टीईटी: पेपर २ चा गट पदवीशी जुळवा

टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. टीईटी ही पात्रता परीक्षा आणि टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. पहिलीने दार उघडतं, दुसरीने रांगेतला क्रम ठरतो. दोन्ही महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते.

टीईटीचा प्रत्येक पेपर १५० गुणांचा आणि अडीच तासांचा असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, मागासवर्गीयांना ५५ टक्के. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आजन्म वैध राहतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक पेपर २ मध्ये होते. त्यात ६० गुणांसाठी गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यातला एक गट निवडायचा असतो. बी.एस्सी. झालेले काही जण सामाजिक शास्त्र सोपं जाईल म्हणून तो गट घेतात आणि उत्तीर्णही होतात. पुढे पवित्र पोर्टलवर गणित-विज्ञानाची जागा दिसते, पण त्या गटाची टीईटी नसते. आणि सामाजिक शास्त्राच्या जागेला त्या विषयाची पदवी नसते. प्रमाणपत्र हातात आणि जागा एकही नाही, अशी गत होते. तेव्हा पदवीचा विषय आणि टीईटीचा गट एकमेकांशी जुळलाच पाहिजे.

## ३. कागदांची फाईल: परीक्षेच्या जाहिरातीआधी

हा टप्पा बहुतेक जण शेवटी ठेवतात. तो इथेच, टेटच्या आधी करायचा आहे. निकालानंतर पोर्टलवर माहिती भरायला मोजके दिवस मिळतात आणि त्या दिवसांत सेतू केंद्र, तहसील आणि जात पडताळणी समिती तुमच्यासाठी धावणार नाही.

नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव प्रमाण धरा आणि बाकी प्रत्येक कागद त्याच्याशी अक्षर न् अक्षर लावून बघा. एका कागदावर ज्ञानेश्वर, दुसऱ्यावर ज्ञानोबा. एकीकडे वडिलांचं नाव बाबुराव, दुसरीकडे बाबू. घरच्यांना यात काही वाटत नाही, पण पडताळणीच्या टेबलावर हे दोन वेगळे माणूस ठरतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र दोन्ही फाईलला लावावं. जिथे दुरुस्ती होऊ शकते तिथे ती करून घ्या. निव्वळ प्रतिज्ञापत्रावर भागेल असं धरू नका.

जातीचा दाखला आणि वैधता. वैधतेसाठी मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आपल्याकडे मराठवाड्यात अडचण अशी की हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि जुन्या नोंदी पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत आहेत. खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) सापडलं तरी त्याचं अधिकृत भाषांतर करून घ्यायला वेळ जातो. आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर आधी त्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा काढा. तो बहुधा सगळ्यात लवकर हाती येतो. रक्तनात्यात कोणाची वैधता झाली असेल तर तिची प्रत वंशावळीसह जोडा.

मराठा समाजातल्या उमेदवारांनी एक गोष्ट पक्की ठरवावी. कुणबी नोंदीवर इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) की खुला, यातला जो पर्याय घ्याल त्याचा कागद अर्जाच्या मुदतीत हातात असला पाहिजे आणि तोच प्रवर्ग टेटचा अर्ज व पवित्र पोर्टल दोन्हीकडे असला पाहिजे. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा लिहिला की पुढचे महिने खुलासे देण्यात जातात.

नॉन क्रीमीलेअर. यात दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे मुदत संपलेला दाखला. अर्जाच्या शेवटच्या तारखेला तो चालू पाहिजे, नंतर काढलेला चालत नाही. दुसरी चूक विवाहित मुलींची. त्या नवऱ्याच्या उत्पन्नावर दाखला काढतात. इथे आई-वडिलांचं उत्पन्न बघतात आणि जातीचा दाखलाही माहेरच्याच नोंदींवर निघतो.

समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत राखून ठेवलेल्या जागा. लातूर आणि धाराशिवमधल्या कितीतरी घरांत ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मिळालेलं भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र ट्रंकेत पडून आहे. त्याला २ टक्के समांतर आरक्षण आहे. जायकवाडी, माजलगाव, येलदरी अशा धरणांत जमीन गेलेल्यांना प्रकल्पग्रस्त म्हणून ५ टक्के आहे. पण प्रमाणपत्र आजोबांच्या किंवा चुलत्याच्या नावावर असून भागत नाही. ते जिल्हाधिकारी कार्यालयातून तुमच्या नावे हस्तांतरित झालेलं लागतं आणि कुटुंबातल्या एकालाच त्याचा लाभ घेता येतो. त्यामुळे हा विषय आधी घरात बसून सोडवा. भावा-भावांची संमतीपत्रं गोळा करायला सरकारी कामापेक्षा जास्त दिवस लागतात.

याशिवाय अधिवास, एमएस-सीआयटी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला. प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती काढा आणि स्कॅन करून मोबाइलसोबत ईमेलवरही ठेवा.

> थांबा आणि बघा: फाईलमधल्या प्रत्येक कागदावर मागच्या बाजूने पेन्सिलने दोन गोष्टी लिहा: दिल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख. ज्याची मुदत पुढच्या सहा महिन्यांत संपते तो आजच नवा करायला टाका.

## ४. टेट: छत्तीस सेकंदांचा हिशेब

टेटला २०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. त्यातले १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. परीक्षा संगणकावर होते आणि नकारात्मक गुण नाहीत. उत्तीर्ण होण्याची रेषा नाही, गुणांवरून क्रम लागतो. एकेक गुण शेकडो जागा वर-खाली करतो.

इथे अभ्यासापेक्षा सवय कमी पडते. गावात राहून पुस्तकावर तयारी केलेली मुलं पहिल्यांदा परीक्षा केंद्रातच माऊस धरतात आणि पहिली वीस मिनिटं त्यातच जातात. तालुक्याच्या नेट कॅफेत किंवा एखाद्या अभ्यासिकेत संगणकावर घड्याळ लावून पूर्ण सराव चाचण्या द्या. क्रमश्रेणी, समसंबंध, सांकेतिक भाषा हे प्रश्न सरावाने चटकन सुटतात, ते आधी उरका. लांबलचक गणितावर अडकून बसू नका. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर नोंदवा. कोरा प्रश्न सोडण्यात काहीच फायदा नाही.

## ५. पवित्र पोर्टल: स्व-प्रमाणपत्र आणि प्राधान्यक्रम

स्व-प्रमाणपत्र म्हणजे तुमची शैक्षणिक माहिती, माध्यम, प्रवर्ग आणि समांतर आरक्षण तुम्ही स्वतः खरं म्हणून लिहून देता. हे कॅफेवाल्याच्या हाती सोपवू नका. तो घाईत बी.ए.ची टक्केवारी गोल करतो, माध्यमाच्या रकान्यात चुकीचा पर्याय टाकतो, आणि जबाबदारी मात्र तुमची राहते. बाजूला फाईल उघडी ठेवून स्वतः भरा, प्रिंट काढा, दुसऱ्या माणसाकडून मूळ कागदांशी ताडून घ्या आणि मगच प्रमाणित करा.

मग जागांचे प्राधान्यक्रम येतात. मुलाखतीशिवायच्या जागांमध्ये जिल्हा परिषदा, नगरपालिका, महापालिका असतात. मुलाखतीसह पर्यायात खाजगी संस्था असतात आणि तिथे अध्यापन कौशल्यही बघतात.

प्राधान्यक्रम भरताना घरचे म्हणतात, "आधी कुठेही लाग, मग बदली करून घेऊ." या भरवशावर यादी लावू नका. आंतरजिल्हा बदलीचे नियम कडक आहेत आणि मानधनाच्या काळात तर तो विषयच काढता येत नाही. जिथे निदान दहा वर्षं राहायची तयारी आहे असेच जिल्हे वर ठेवा. परभणीच्या माणसाला हिंगोली, नांदेड, जालना जमून जातं. गडचिरोली किंवा पालघर टाकायचं तर घरात बोलून, मनाची तयारी करून टाका. तिथेही मुलं आहेत आणि त्यांना दोन महिन्यांत निघून जाणारा शिक्षक नको आहे.

> सावधान: भरलेले प्राधान्यक्रम लॉक केले नाहीत तर ते विचारातच घेतले जात नाहीत. शेवटच्या रात्रीची वाट बघू नका. लॉक केल्यावर आलेली पावती जपून ठेवा.

> सावधान: "जिल्ह्यात ओळख आहे, यादीत नाव घालतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. २०१९-२० च्या टीईटीतल्या गैरप्रकारात हजारो उमेदवारांची नावं आली आणि त्यांच्यावर कारवाई झाली. काहींच्या बापाने त्यासाठी जमीन विकली होती.

## ६. पडताळणी, समुपदेशन आणि रुजू होणं

शिफारस म्हणजे नियुक्ती नव्हे. जिल्हा परिषद मूळ कागद तपासते, मग समुपदेशनाने शाळा निवडायला मिळते. समुपदेशनाच्या आदल्या दिवशी रिक्त शाळांची यादी घेऊन नकाशावर बघा. तालुक्यापासून अंतर, एसटी किती वाजता जाते, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर रस्ता राहतो का, शाळा एकशिक्षकी, द्विशिक्षकी की मोठी. शक्य असेल तर पहिली शाळा अशी घ्या जिथे किमान एक अनुभवी शिक्षक असेल. एकशिक्षकी शाळेत नवखा माणूस शिकतो कमी आणि दमतो जास्त.

आदेश मिळाल्यावर क्रम असा: जिल्हा शल्यचिकित्सकांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणीचा अर्ज, शाळेत मुख्याध्यापकांकडे हजर अहवाल, त्याची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात. हजर अहवालावर तारीख आणि "म.पू." (दुपारच्या आधी) की "म.नं." (दुपारनंतर) हे लिहिलेलं असावं. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. तुमची तीन वर्षं त्याच तारखेपासून मोजली जाणार आहेत.

खाजगी अनुदानित संस्थेत निवड झाली असेल तर आणखी एक पायरी आहे. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आल्याशिवाय शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) आयडी मिळत नाही आणि त्याशिवाय मानधन सुरू होत नाही. संस्थेने प्रस्ताव कधी पाठवला, जावक क्रमांक काय, हे दर आठवड्याला नम्रपणे पण न चुकता विचारा.

पहिलं मानधन महिना संपला की हातात येईल असं गृहीत धरू नका. शालार्थमध्ये नाव चढेपर्यंत थांबावं लागतं. निदान तीन महिन्यांचं खोलीभाडं, मेस आणि गाडीचं पेट्रोल यांची सोय करून मगच निघा. मानधनातून पुरुषांचा व्यवसाय कर दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापला जातो. महिलांना २५,००० पर्यंत तो माफ आहे. तुमच्या बिलात तो चुकून कापला जात असेल तर लगेच सांगा.

## ७. पहिले तीन महिने वर्गात

इतकी धडपड ज्यासाठी केली ते काम इथे सुरू होतं आणि नेमकं याच टप्प्यावर कोणी मार्गदर्शन करत नाही.

पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तक उघडायची घाई करू नका. प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक छोटा उतारा वाचायला द्या आणि दोन अंकी बेरीज-वजाबाकी सोडवायला द्या. वहीत मुलाच्या नावापुढे लिहा: अक्षर ओळखतो, शब्द वाचतो, वाक्य वाचतो, समजून वाचतो. चौथीच्या वर्गात चारही रकान्यांतली मुलं निघतील, घाबरू नका. हीच यादी तुमचं खरं नियोजन आहे. महिन्याने पुन्हा तसंच बसवा आणि कोण कुठल्या रकान्यातून कुठे गेलं ते लिहा.

द्विशिक्षकी शाळेत तुमच्याकडे दोन-तीन इयत्ता असतील. नवखा शिक्षक एका इयत्तेला शिकवतो आणि दुसरीला "पाढे लिहा" म्हणतो. दहा मिनिटांत पाढे संपतात आणि गोंधळ सुरू होतो. त्याऐवजी विषय एकच ठेवा आणि काम वेगळं द्या. गोष्ट सगळ्यांनी मिळून ऐकायची. मग दुसरीची मुलं त्यातले शब्द शोधतील, तिसरीची प्रश्नांची उत्तरं लिहितील, चौथीची शेवट बदलून सांगतील. पाठाचं टाचण तसंच काढा.

भाषेकडे लक्ष द्या. तांड्यावरच्या शाळेत घरची बोली गोरमाटी असते, किनवटकडे गोंडी आणि तेलुगू, देगलूरकडे तेलुगू, उमरग्याकडे कन्नड कानावर पडते. पहिलीच्या मुलाने उत्तर दिलं नाही म्हणजे त्याला येत नाही असं ठरवू नका. तांड्यावरच्या एखाद्या आजीजवळ बसून घरातल्या, शेतातल्या, जेवणातल्या शंभरेक शब्दांची यादी करा. मूल याडी म्हणालं तर आधी ते स्वीकारा, आई हा शब्द त्याच्या शेजारी येऊन बसेल.

बीड, जालना, धाराशिवच्या ऊसतोड पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास वर्ग निम्मा होतो. दसऱ्याआधीच पालकांना भेटा, आजी-आजोबांकडे कोण राहू शकतं ते विचारा आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीपुढे वेळेत ठेवा. गाड्या लागल्यावर धावपळ केलीत तर मुलं केव्हाच कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात. परत आलेल्या मुलाला त्याच्या पातळीपासून सुरू करू द्या, सगळ्यांसमोर "तू मागे पडलास" म्हणू नका.

> तपासा: तीन महिन्यांनी स्वतःला विचारा: वर्गातल्या प्रत्येक मुलाचं वाचन आज कुठे आहे हे वही न बघता सांगता येतं का? येत नसेल तर पहिल्या आठवड्याचं काम परत करा.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत मागच्या बाकावर बसून मोबाइल बघू नका. शेजारच्या शाळेतला पंधरा वर्षं पहिली शिकवणारा शिक्षक तिथेच भेटतो. त्याच्या वर्गात एक दिवस बसायची मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी मागा. मानधनाच्या काळातलं खरं शिक्षण असंच मिळतं.

## ८. तीन वर्षांच्या नोंदी

एक रजिस्टर घाला. त्यात प्रत्येक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, आदेश, रजेचा अर्ज आणि त्याची मंजुरी तारखेनुसार लावा. रजा तोंडी सांगून जाऊ नका. मंजुरी नसलेली गैरहजेरी पुढे सेवाखंड म्हणून समोर येते आणि तीन वर्षं लांबतात. निवडणूक किंवा जनगणनेच्या कामावर गेलात तर हजेरीचं प्रमाणपत्र तिथूनच घेऊन या. प्रत्येक वर्षअखेरीला मुख्याध्यापकांचा कामकाज अहवाल लिहिला गेला का ते विचारा. मुख्याध्यापक बदलून गेले तर मागच्या वर्षाचा अहवाल त्यांच्याकडून जाण्याआधीच घ्या.

जात वैधता प्रलंबित असेल तर नियुक्ती आदेशातली मुदत बघा आणि समितीकडे दर महिन्याला पाठपुरावा करून त्याची पोच रजिस्टरला लावा.

## ९. नियमित होण्याचा प्रस्ताव

तीन वर्षं पूर्ण व्हायच्या तीन महिने आधी तयारीला लागा. साधारण हे लागतं: नियुक्ती आदेश, हजर अहवाल, तिन्ही वर्षांचे अहवाल, रजेचा गोषवारा, वैधता प्रमाणपत्र, पदवी-पदविका आणि टीईटीच्या पडताळणीची पत्रं, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी. परीक्षा परिषद आणि विद्यापीठाकडून पडताळणीची उत्तरं यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ती पत्रं दुसऱ्याच वर्षी गेली आहेत ना, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेकडे जातो. खाजगी शाळेत संस्थेमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे. एकट्याने पाठवण्यापेक्षा त्याच तुकडीतल्या सगळ्यांनी एकत्र जावं, त्रुटी एकाच वेळी कळतात.

आदेश आला की तीन गोष्टी बघा. नियमित झाल्याची तारीख तीन वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे का. प्राथमिक शिक्षकाची वेतननिश्चिती एस-१० या वेतनस्तरात, मूळ वेतन २९,२०० वर झाली आहे का. आणि सेवापुस्तकात दोन्हींची नोंद सही-शिक्क्यासह चढली आहे का. आदेश उशिरा निघाला असेल तर मधल्या महिन्यांच्या फरकाचं बिल त्याच वेळी सादर करायला लावा.